एक शून्य जादा

जुलै ते सप्टेंबर हा आमच्या प्रेसमध्ये अहवालांचा हंगाम. सेवा सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था या सगळ्यांना वार्षिक सभा सप्टेंबरअखेर उरकायच्या असतात, त्यामुळे ऑगस्ट लागला की एकेक चिटणीस घायकुतीला येऊन दारात उभा राहतो. काही वर्षांपूर्वी अशाच गडबडीत एका पतसंस्थेच्या अहवालात आमच्याकडून चूक झाली. नफा-तोटा पत्रकात निव्वळ नफ्याच्या आकड्यापुढे एक शून्य जादा पडले. चार लाखांचे चाळीस लाख. शेजारच्या पानावर ताळेबंदात आकडा बरोबर होता, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांचाच मेळ बसत नव्हता. प्रूफ मीच वाचलेले, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावाने खडे फोडायचीही सोय नव्हती.

बाराशे प्रती पिना मारून, गठ्ठे बांधून गेल्या आणि सभासदांच्या घरोघरी पोचल्या. चूक माझ्या लक्षात आली ती सभेच्या आदल्या रात्री, उरलेल्या प्रतींतली एक सहज चाळताना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटेच चिटणिसांना फोन लावला, तर ते म्हणाले, "गप्प बसा हो. कोण बघतंय?"

आणि खरोखर कुणी बघितले नाही. विषय क्रमांक एक ते नऊ, 'मंजूर, मंजूर' करत सभा पंचवीस मिनिटांत संपली. मग स्टीलचे डबे वाटले, वडा-चहा झाला, लोक घरी गेले.

ही संस्था अंगठेबहाद्दरांची असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. सभासदांत हायस्कूलचे शिक्षक होते, बँकेतून निवृत्त झालेले होते, दोन वकील होते. पदवी नसलेला माणूस शोधावा लागला असता. अहवाल वाचता येणारे बाराशे जण आणि वाचणारा एकही नाही. तेव्हापासून 'लोक शिकले की लोकशाही सुधारेल' हे वाक्य ऐकले की मला ते जादा शून्य आठवते.

हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. निवडणूक जवळ आली की आमच्या कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांत एक तरी गृहस्थ असतो, जो म्हणतो की मत द्यायला निदान दहावी पासची अट घातली पाहिजे, अडाणी लोकांमुळे देश मागे राहिला. या गृहस्थाला एवढेच विचारावे की १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशात साक्षर किती होते. १९५१च्या जनगणनेप्रमाणे १८ टक्क्यांच्या आसपास. शंभरातल्या ऐंशीहून अधिक माणसांना उमेदवाराचे नाव वाचता येत नव्हते, म्हणून चिन्हे आली. घटनाकारांना हे माहीत नव्हते असे थोडेच आहे? त्यांनी जाणूनबुजून मताला शिक्षणाची अट घातली नाही. आणि त्या निरक्षर पिढीने लोकशाही बुडवली नाही. डॉ. आंबेडकरांना काळजी वाटत होती ती वेगळ्या गोष्टीची. २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत त्यांनी बजावले होते की राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात, अर्थकारणात मात्र विषमता, असे विसंगतीचे जीवन आपण सुरू करतो आहोत. त्या भाषणात धोका दाखवला आहे तो विषमतेचा.

मग शिक्षणाचा लोकशाहीशी संबंध काय? माझ्या मते तो पदवीपेक्षा शाळेशी आहे. शाळा कुणाची आहे, तिच्यात कुणाचे पोर कुणाच्या पोराशेजारी बसते, आणि तिचा हिशोब विचारायचा अधिकार कुणाला आहे. कोल्हापुरात राहून हे कळायला एवढी वर्षे लागावीत याची थोडी लाजच वाटते, कारण आपल्या गावचा इतिहास दुसरे काही सांगतच नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे मागणी केली की ठरावीक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. त्यांची तक्रार सरळ होती: सारा भरतो शेतकरी आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गाची पोरे. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ला सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. कागलात आणि कोल्हापुरात शिकलेला हा माणूस. पुढल्या वर्षी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पैसा नाही, वेळ आली नाही, शेतीला मजूर मिळणार नाहीत, अशी कारणे. बडोद्यात सयाजीरावांनी तोवर सक्ती करून दाखवली होती. आणि १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया म्हणजे मजुराची काही दिवसांची कमाई. ज्या बापाला पोरगे भांगलणीला आणि गुरांमागे हवे होते, त्याला हा दंड जाचक वाटला असणारच.

इथे थोडे थांबू. १९१७ साली करवीरच्या रयतेला मत नव्हते. तिच्या शिक्षणाशिवाय राजाचे काही अडत नव्हते. उलट न शिकलेली रयत राज्यकर्त्याला सोयीची, असेच आपण समजतो. मग हा खटाटोप कशासाठी? मला उत्तर सापडते ते पुढच्या वर्षीच्या निर्णयात. १९१८ला महाराजांनी कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. म्हणजे गावचे दप्तर एका घराण्याच्या हातून काढून घेतले. कुणाच्या नावावर किती जमीन, किती सारा बाकी, कुणाची वसुली झाली, हे सगळे त्या दप्तरात. ते लिहिणारा आणि वाचणारा पिढ्यान्‌पिढ्या एकच. तो म्हणेल ते खरे. सक्तीचे शिक्षण आणि कुलकर्णी वतनाचा शेवट हे दोन निर्णय पाठोपाठ आले, हा मला योगायोग वाटत नाही. वाचता येणारी माणसे गावात असतील तरच दप्तर बदलून उपयोग. आपल्या भागात अक्षरओळखीचा पहिला अर्थ दप्तर उघडून बघता येणे हा होता. नोकरी नंतर आली.

आता वसतिगृहांकडे. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, आणि दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभे राहिले की त्याची साक्ष पटते. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग तिथेच. १९०१ला मराठा वसतिगृहापासून सुरुवात झाली, १९०६ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. काही जण यावरून महाराजांवर आक्षेप घेतात की त्यांनी जातवार बोर्डिंगे काढून भिंती पक्क्या केल्या. आक्षेप अगदीच फुसका नाही. पण अर्धवट आहे. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात भाकरी आणि अंथरूण मिळायला तेव्हा जातीचाच आधार होता, तो महाराजांनी वापरला. शाळेच्या बाबतीत मात्र त्यांचा हुकूम उलटा आहे. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा दसऱ्यापासून बंद करून ती मुले सरकारी शाळेत इतर मुलांबरोबर दाखल करून घ्यायला लावली. झोपायला, जेवायला वेगवेगळी छपरे आणि शिकायला एकच छप्पर, हे पक्के ठरवून केलेले काम होते. कुंभोजचे भाऊराव पाटील याच वातावरणात कोल्हापुरात शिकले आणि त्याच १९१९ला रयत शिक्षण संस्था काढून ते पुढे गेले. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला जेवू लागली. महाराजांना जे एका पिढीत जमले नव्हते ते पुढच्याने केले.

आम्ही काय करतो आहोत? मार्चपासून प्रेसमध्ये शाळांच्या प्रवेशाची पत्रके सुरू होतात. मोठ्या शाळांचे काम आर्टपेपरवर, चार रंगांत, दोन्ही बाजूंनी. स्विमिंग पूल, स्मार्ट बोर्ड, घोडेस्वारी, सीसीटीव्ही. त्यात गंमत अशी की 'मर्यादित जागा' हे शब्द सगळ्यात मोठ्या टायपात लागतात. सरकारी शाळेचे शिक्षकही येतात. त्यांचे पत्रक एकरंगी, पाचशे प्रती, 'मोफत पाठ्यपुस्तके, मोफत गणवेश, पोषण आहार'. पैसे शिक्षक आपल्या खिशातून देतात, म्हणून बिल करताना माझा हात आखडतो. मग उन्हातान्हात ते घरोघर पोरे मागत फिरतात. मोफत शब्दाचा उपयोग होत नाही असे एक बाई मला म्हणाल्या. "फुकट म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी खोट आहे."

या दोन प्रकारच्या पत्रकांच्या मध्ये आणखी सात-आठ पायऱ्या आहेत. वर्षाला आठ हजारांची इंग्रजी शाळा, वीस हजारांची, पन्नासची, लाखाची. बापाच्या पगाराची पावती बघून पोर कुठल्या बसमध्ये चढेल ते सांगता येते. तेव्हा बोर्डिंगे जातवार होती, आता शाळा ऐपतवार झाल्या. महाराजांनी केले त्याच्या बरोबर उलटे.

हे लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकला. घरापासून चालत पाच मिनिटांवर महापालिकेची शाळा असताना मी त्याला पिवळ्या बसने पाठवले. कारण विचाराल तर भीती. पोरगे मागे पडेल, उद्या तोंडावर म्हणेल की बाबा तुम्ही मला का नाही घातलेत. तो सातवीत असताना शाळेने एकदम 'ॲक्टिव्हिटी फी' म्हणून जादा रक्कम लावली. कसली ॲक्टिव्हिटी ते विचारायला आम्ही सात पालक गेलो. कार्यालयात बसायला सोफा, प्यायला गार पाणी. बाई अजिबात उद्धट नव्हत्या. सगळे ऐकून घेऊन शांतपणे म्हणाल्या, "परवडत नसेल तर दाखला कधीही घेऊन जा, आम्ही अडवत नाही." जिना उतरेपर्यंत सातांचे चार झालो, फाटकापाशी दोघे. तिसऱ्या दिवशी मी फी भरली.

अशा शाळांच्या फीसाठी २०११चा कायदा आहे आणि त्यात पालक-शिक्षक संघाच्या समितीला अधिकार आहेत, हे मला फार नंतर कळले. त्या सातांत एक कर सल्लागारही होता. त्यालाही ठाऊक नव्हते. आम्ही स्वतःला गिऱ्हाईक समजत होतो आणि गिऱ्हाईक फार तर दुकान बदलते. दुकानाचे हिशोब मागायचे त्याच्या डोक्यात येत नाही. पतसंस्थेतले आमचे बाराशे सभासद असेच होते. डबा मिळाला, चालले.

आता दुसरी सभा सांगतो. मुलगा शिकून गेल्यावर प्रेसजवळच्या सरकारी शाळेतल्या मुख्याध्यापकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. उरलेल्या थोड्या जागांत 'स्थानिक शिक्षणतज्ज्ञ' असा एक प्रकार आहे, त्या जागेवर मी बसतो. माझ्या बायकोला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

पहिल्या दोन सभा पतसंस्थेसारख्याच झाल्या. सरांनी इतिवृत्त वाचले, रजिस्टर फिरले. आलेल्या आया दाराजवळ सतरंजीच्या कडेला बसलेल्या, पुढे यायला तयार नाहीत. कुणी धुणीभांडी करणाऱ्या, कुणी बांधकामावर जाणाऱ्या, एकीचा भाजीचा गाडा. "आमास्नी काय कळतंय त्यातलं, सही कुठं करू ते सांगा," असे म्हणून सही करायची आणि कामावर पळायचे. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाईला इतिवृत्ताचे कौतुक का असावे?

तिसऱ्या सभेत रजिस्टर एका बाईपाशी आले आणि तिथेच थांबले. तिने पेन हातात धरूनच विचारले, "सर, पोरींच्या संडासला कुलूप का असतंय?"

सर म्हणाले, रात्री बाहेरची पोरे भिंतीवरून येऊन घाण करतात, नळ चोरतात.

"मग रात्री घाला की कुलूप. दिवसा कशाला?"

सर म्हणाले, किल्ली कार्यालयात असते, मुलींनी मागितली की देतो.

"माझी पोरगी मागत न्हाई. बाप्या माणसाकडं किल्ली कशी मागंल ती? दिवसभर पाणी पीत न्हाई घशाखाली."

खोलीत शांतता पसरली. मग दुसरी म्हणाली, आमची पण पीत नाही. तिसरी म्हणाली, माझी मधल्या सुट्टीत पळत घरी येते. मी तिथे दोन महिने जात होतो, शिक्षणतज्ज्ञ म्हणून, आणि मला ते कुलूप दिसले नव्हते. सरही वाईट माणूस नव्हेत. नळ चोरीला गेला की त्यांना लेखी खुलासा द्यावा लागतो, पोरीने दिवसभर पाणी प्यायले नाही तर कुणी खुलासा मागत नाही. त्या दिवशी ठरले ते असे: सकाळी शिपाई कुलूप काढेल, संध्याकाळी लावेल, आणि किल्ली चौथीच्या वर्गात दारामागच्या खिळ्याला असेल. नंतर त्या बाईने सही केली. चार अक्षरे, जरा वाकडी.

तिचे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या पतसंस्थेच्या सभेत ती असती तर ते शून्य तिला दिसले असते, असा माझा दावा नाही. पण सही करण्याआधी थांबण्याची सवय तिला त्या सतरंजीवर लागली. आणि तिच्यामुळे इतरांना. पुढच्या सभेत पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजायला दोघी जणी स्वतःहून उठल्या.

खाजगी शाळांबद्दल माझी तक्रार म्हणूनच तिथल्या शिकवण्याविषयी नाही. ज्याच्या आवाजाला वजन आहे असा पालक सरकारी शाळेतून उठून गेला, आणि गेला तिथे त्याच्या आवाजाला किंमत उरली नाही. दोन्हीकडून नुकसान. पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टरचे, वकिलाचे, हमालाचे पोर पेठेतल्या एकाच शाळेत असायचे, तेव्हा छप्पर गळले तर वकील महापालिकेत जाऊन टेबल आपटायचा आणि हमालाच्या पोराच्या डोक्यावरचे छप्परही आपोआप शाकारले जायचे. आता वकील येत नाही. शिवाय २०२०च्या नोव्हेंबरात इथल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे प्रशासकाचा कारभार. पत्रे गळतात हे सांगायला नगरसेवकसुद्धा नव्हता.

शिक्षण हक्क कायद्यातली २५ टक्क्यांची तरतूद हा या वाटणीला मारलेला एक टाका होता. खाजगी शाळेच्या पहिल्या वर्गात चौघांतले एक पोर गरीब घरातले. ९ फेब्रुवारी २०२४ला राज्य सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला हे बंधन नाही. शहरात अशी शाळा कुठे नसते? म्हणजे तरतूद कागदावर ठेवून उसवून टाकली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ला स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला. ६ मे हा शाहू महाराजांचा स्मृतिदिन. दुसऱ्याच दिवशी, ७ मेला, कोल्हापुरात लोकसभेचे मतदान होते. प्रचारात महाराजांचे नाव घेतल्याशिवाय एकही सभा झाली नव्हती. या नियमावर बोललेला एकही उमेदवार मी तरी ऐकला नाही, आणि आपणही कुणी विचारले नाही.

सरकारची बाजू अशी होती की आपल्याच शाळा ओस पडत असताना खाजगी शाळांची भर का करायची. या म्हणण्यात तथ्य आहे. २५ टक्क्यांतून गेलेल्या पोरांच्या वाट्याला काय येते तेही मी ऐकून आहे: सहलीचे पैसे नाहीत म्हणून घरी, वाढदिवसाला बोलावणे नाही. पण मग ओस पडणारी शाळा भरण्यासाठी काय केले, हे सरकारने सांगायला हवे. तिथे उत्तर येते ते 'समूह शाळा'. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा आहेत, त्या एकत्र करून मोठी शाळा करायची, मुलांना गाडी द्यायची. कागदावर हिशोब चोख. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगडच्या डोंगरातल्या एखाद्या धनगरवाड्यावर जुलैत जाऊन बघावे. पावसाचा पडदा दिवस दिवस हटत नाही, ओढा चढला की रस्ता बंद, राधानगरीच्या बाजूला गव्यांचे कळप. सहा वर्षांच्या पोरीला कोणती गाडी कुठून नेणार? तिथे शाळा लांब गेली की शाळा संपली, पोरीची तर नक्कीच. आणि वस्तीवर सरकारची म्हणून दुसरी खोली कुठली असते? मतदान तिथेच, पोलिओचा डोस तिथेच, ध्वजवंदन तिथेच. २०१९च्या महापुरात गावेच्या गावे शाळांच्या खोल्यांत जाऊन राहिली होती. पट कमी म्हणून शाळा बंद करताना या सगळ्याचा पट कुणी धरत नाही.

आता एक आक्षेप, आणि तो मी मनापासून मानतो. आई-बाप वेडे नाहीत. एक शिक्षक आणि चार वर्ग, त्यातही तो शिक्षक निम्मा वेळ मतदार यादी, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरण्यात, अशा शाळेत लोकशाहीचे मूल्य जपायला म्हणून कुणी आपले पोर का घालावे? घालू नये. पण चांगले शिकवले तर लोक येतात याचा पुरावा कोल्हापुरातच आहे. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात. भुदरगड, राधानगरी, कागलच्या जिल्हा परिषद शाळांतली पोरे शिष्यवृत्ती परीक्षेत राज्यात झळकतात.

या यशातही मला एक खोच दिसते. शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका आमच्याच प्रेसमध्ये छापल्या जातात, गठ्ठ्यांनी. चार पर्याय, एक गोल काळा करायचा. पोरे त्यात इतकी तरबेज होतात की तुम्ही प्रश्न अर्धा वाचेपर्यंत उत्तर तयार. एका शाळेत छपाईच्या कामाने गेलो होतो तेव्हा सकाळचा परिपाठ चालू होता. पोरांनी 'आम्ही भारताचे लोक' पासून उद्देशिका एका दमात म्हटली, एकही शब्द चुकला नाही. मी एका चुणचुणीत पोराला विचारले, तुमच्या शाळेला वर्षाला किती पैसे येतात, कधी विचारलंस का? ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारला. होताच तो बाहेरचा. शाळेच्या भिंतीवर सुविचार असतो, पट असतो, तांदळाचा साठा असतो. मिळालेले अनुदान आणि झालेला खर्च मात्र मी क्वचितच पाहिला. पाचवीच्या पोरांनी आपल्याच शाळेचा जमाखर्च फळ्यावर मांडला तर गणितही होईल आणि नागरिकशास्त्रही. असा तास कुणी घेतला तर मी तक्ते फुकट छापून देईन.

आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६६च्या त्या अहवालात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. एक, शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा. दुसरी, शेजारशाळा: वस्तीतली सगळी मुले, जात-धर्म-उत्पन्न न बघता, वस्तीतल्या एकाच शाळेत. सहा टक्क्यांचा आकडा २०२०च्या शैक्षणिक धोरणातही पुन्हा आला आहे, म्हणजे साठ वर्षे आपण तोच आकडा एका अहवालातून दुसऱ्यात उतरवून घेतो आहोत. शेजारशाळेचे नाव तर आता कुणी काढतही नाही. सक्ती करून ती आणता येईल असे मला वाटत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ला उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आपली मुले सरकारी शाळेतच घालावीत असा निकाल दिला होता. वाचून बरे वाटले, पण वाऱ्यावर गेला. करवीरच्या राजाला एक रुपया दंड लावता आला, आजच्या कुठल्या सरकारची ती छाती नाही, आणि असावी असेही मी म्हणणार नाही.

पण शाळा बंद करायची तर गावसभेत त्या वस्तीवरच्या आयांसमोर ठराव ठेवून, त्यांचा होकार घेऊन करावी, एवढे तर होऊ शकते. शिक्षकांच्या मागचे शिकवण्याखेरीजचे काम काढता येते. आणि माझ्यासारख्या, ज्यांची पोरे दुसरीकडे शिकली किंवा शिकत आहेत, त्यांनी पेठेतल्या शाळेच्या सभेला महिन्यातून एकदा जाऊन बसावे, याला तर कुणाच्या परवानगीची गरज नाही. तिथे बोलायची गरज पडेलच असे नाही. चष्मा लावून कागद वाचून दाखवणारा माणूस हवा असतो. बाकीचे त्या आया बघून घेतात.

आमची पुढची सभा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे, दुपारी साडेबाराला, म्हणजे कामावरून येणाऱ्यांना जमेल. पहिला विषय खोली क्रमांक तीनचे पत्रे. ठेकेदाराचे अंदाजपत्रक सरांनी माझ्याकडे झेरॉक्स करायला दिले आहे. यंदा मी त्यातले आकडे दोनदा वाचले.